गयाबाईंचं सपाट माप

गयाबाई तांदळाचं माप भरायच्या आणि भरून झालं की तळहाताच्या कडेनं वरची शीग सर्रकन पाडायच्या. रोज सकाळी, शाळेच्या स्वयंपाकखोलीत, माझ्यासमोर. पोषण आहाराची वही माझ्याकडे होती. मुलांची हजेरी मी सांगायची आणि तेवढ्यांचे तांदूळ त्या मोजायच्या. त्या शाळेत मी अकरा वर्षं काढली, पण शिगेचं माप त्यांनी एक दिवसही घातलं नाही.

"शीग म्हणजे अंदाज," त्या म्हणायच्या, "अन् अंदाज म्हणजे आळस."

शाळा केज तालुक्यात, युसूफ वडगावहून पुढं गेलं की लागणाऱ्या एका लहान गावात. गयाबाई तिथल्याच. बुटक्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, चालताना चपलांचा आवाज आधी आणि बाई मागून. अंगावर मांस असं नाहीच. आम्ही सगळे त्यांना काटक म्हणायचो आणि त्या काटकपणाचं कौतुकही करायचो. ते कौतुक चुकीचं होतं, पण ते पुढं कळलं.

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "काय बाई, पुरते का खिचडी सगळ्यांना?"

"पुरत न्हाई साहेब, बसती," गयाबाई म्हणाल्या.

म्हणजे उरतही नाही आणि कमीही पडत नाही. साहेबांना चव म्हणून एक डाव वाढला. खिचडी आवडली, त्यांनी ताट पुढं केलं. गयाबाईंनी डाव पातेल्यातच ठेवला.

"साहेब, तुमची हजेरी एकच लागली हाय."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. साहेब मात्र हसत सुटले आणि जाताना मला म्हणाले, "ह्या बाईंना सांभाळा." सांभाळायचं काय त्यात? त्याच आम्हाला सांभाळत होत्या.

आधी त्या आणि त्यांचे मालक लिंबाजी ऊसतोडीला जायचे. आमच्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. दिवाळी झाली की गाव सोडायचं ते उन्हाळ्यातच परत. अशी बरीच वर्षं काढून, मुली उजवून, मुलगा पुण्याला कंपनीत लागल्यावर दोघांनी ते काम सोडलं. गयाबाई शाळेत लागल्या. लिंबाजी घरी बसले. आणि घरी बसल्या बसल्या त्यांना साखरेनं धरलं.

लिंबाजी गमत्या माणूस. मला म्हणाले, "बाई, निम्मं आयुष्य कारखान्याला साखर घातली. थोडी अंगात राहिली असंल."

गमतीचे दिवस फार टिकले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, जखम चिघळली तर आहे ती नजरही जाईल. गोळ्या दिल्या, एक छापील कागद दिला आणि परत पाठवलं.

तोवर लिंबाजींना माणसाची नुसती सावली दिसत होती. गयाबाई शाळेत आल्या की ते एकटे. एकदा चहा करायला गेले आणि चुलीवर हात टेकला. तेव्हापासून गयाबाई मधल्या सुट्टीत घरी पळत जाऊन येत. कुठं बाहेर जायचं तर लिंबाजींचा हात यांच्या हातात.

"एक हात कायमचा ह्यांच्याकडं," त्या मला म्हणाल्या. "अन् बाई, एका हातानं भाकर थापता येत न्हाई."

रडणं नाही, उसासा नाही. अडचण सांगितली आणि डॉक्टरांचा कागद माझ्यापुढं ठेवला. "वाचा."

मी वाचला. सकाळी अमुक, दुपारी दोन भाकरी, एक वाटी डाळ, भाजी भरपूर, संध्याकाळी तेच. चहा बिनसाखरेचा. मी समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि एकदाच विचारलं, "दोन म्हणजे दोन?"

"दोन म्हणजे दोन."

लिंबाजी आतापर्यंत चार खायचे. त्या रात्रीपासून त्यांना दोन मिळू लागल्या. घरात रोज भांडणं. ती शेजाऱ्यांना पाठ झाली होती, मला शाळेत बसून कळायची. लिंबाजींची बहीण, कौसाबाई, गल्लीतच राहायची. ती पाण्याला जाता-येता दारात थांबून म्हणायची, "माझ्या भावाला उपाशी मारायलीस का गं? कावून असं करायलीस?" गयाबाई आत वळून ताट वाढायच्या. दोन म्हणजे दोन.

महिन्यानं उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त तपासलं. साखर जराशीच उतरली होती. हवी तिथून अजून कितीतरी वर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदूळ मोजले, शीग पाडली आणि माप खाली ठेवून माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमचा कागद खोटा हाय."

"कागद माझा नाही, डॉक्टरांचा आहे."

"कुणाचा का असंना. मी दोनाच्या वर एक तुकडा दिला न्हाई. भांडून दिला न्हाई. तुमी घरी येऊन बगा."

मी त्याच रविवारी गेले. लिंबाजी भिंतीला टेकून बसले होते. गयाबाईंनी चुलीसमोर बसून भाकरी थापायला घेतली. थापलीच थापली. परातीच्या काठाला लागेपर्यंत थापली आणि जाडी माझ्या करंगळीएवढी. तव्यावर टाकली तर तवा दिसेना. तशा दोन भाकरी ताटात पडल्या आणि मला डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला.

"गयाबाई, ही एक भाकरी?"

"मग काय दोन हायती?"

"ह्या तीन आहेत!"

चूक कुणाची म्हणायची? डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर शहरातल्या घरची भाकरी. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या घरची. आणि गयाबाईंचे हात अजून उसाच्या फडात होते. तिथं पहाटे एकदा चूल पेटवायची, दिवसभराचं थापून घ्यायचं आणि जी भाकरी खाऊन माणसानं दुपारपर्यंत कोयता चालवायचा, ती हातभर आणि जाडच असणार. काम सुटलं, फड सुटला, भाकरी तेवढीच राहिली. ऊसतोडीला कधी न गेलेल्या बाईच्या हातून ही चूक झाली नसती, आणि गेलेल्या बाईला ती दिसली नसती. मोजत तर त्या होत्याच.

मी हे बोलून दाखवलं. गयाबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या. करपल्याचा वास आला तेव्हा लिंबाजी म्हणाले, "गये, तुझी तीन भाकर जळायली."

शनिवारी अर्धी शाळा. मुलं गेल्यावर गयाबाई डब्यातून ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन आल्या. "काटा सरकारी हाय, पीठ घरचं हाय. चालतं का?" मी म्हटलं, चालतं. फडातल्या एका भाकरीचा गोळा काट्यावर ठेवला. मग मी घरून आणलेला माझ्या भाकरीचा गोळा. त्यांचा एक गोळा म्हणजे माझे तीन नाही, पण तिनाला जरासाच कमी. गयाबाईंनी काट्याकडं असं पाहिलं, जसं कुणी घरच्या चोराकडं पाहावं.

मग कामाला लागल्या. घरी कान तुटलेला चहाचा एक कप होता. तो आणून त्यात पीठ भरून पाहिलं, थोडं दाबून, थोडं सैल. शेवटी ठरलं. एक सपाट कप पीठ म्हणजे कागदातल्या दोन भाकरी. शीग नाही, दाबायचं नाही.

"पण ते दोनावर राहत न्हाईत बाई. रोज कटकट. चार पाहिजेत म्हणत्यात."

"मग?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "मग चार देते."

एका कपाच्या पिठाच्या चार भाकरी. तळहाताएवढ्या, पातळ. लिंबाजींना दिसत नव्हतंच. ताटात चार भाकरी आहेत हे हातानं चाचपून त्यांनी मोजलं आणि गावभर सांगितलं, "बायकोला दया आली. दोनाच्या चार केल्या." कौसाबाई स्वतः येऊन गयाबाईंना शाबासकी देऊन गेली.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडं होतं. त्याच शनिवारी काटा आवरताना मी विचारलं, "लिंबाजींचं ठरलं. आता तुमच्या किती?"

"माझ्या काय, राहील ती."

"राहील ती म्हणजे किती?"

गयाबाईंना आकडा सांगता आला नाही. अकरा वर्षांत असं मी एकदाच पाहिलं. शाळेतल्या दीडशे पोरांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाईला स्वतःच्या ताटात काय पडतं ते माहीत नव्हतं. नवरा जेवल्यावर जे राहील ते, चुलीपाशी, भांडी घासायच्या आधी.

"तीन दिवस मोजून आणा," मी म्हटलं. "अंदाज म्हणजे काय?"

त्यांना राग आला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी माप भरून, शीग पाडून, खाली बघत म्हणाल्या, "एक दिशी अर्धी, ह्या नव्या लहान भाकरीतली. एक दिशी एक. काल दीड, पण कालवण न्हवतं." मग डोळे वर केले. "बाई, त्या घरात उपाशी मी हाय. नणंद भावाची काळजी करत बसली."

सिस्टरनं गयाबाईंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे म्हणून केव्हाच सांगितलं होतं. गोळ्याही दिल्या होत्या. त्या डब्यात तशाच पडून होत्या. आम्ही कौतुक करत होतो ते काटकपण हे असं होतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते त्यांनीच करावं. कप एकच, पण दोनदा भरायचा. एकदा लिंबाजींसाठी, एकदा स्वतःसाठी. दोघांची ताटं एकाच वेळी मांडायची. खिळ्यानं दोन्ही स्टीलच्या ताटल्यांवर मधोमध रेघ ओढली. रेघेच्या अर्ध्या बाजूला नुसती भाजी: करडई, घोळ, तांदुळजा, मेथी, शेवग्याच्या शेंगा, जे असेल ते. उरलेल्या अर्ध्यात भाकरी आणि मटकी किंवा मुगाचं घट्ट वरण. लिंबाजींना दिसत नाही म्हणून ताट रोज एकाच रोखानं ठेवायचं. "भाजी दाराकडं, वरण चुलीकडं, भाकर तुमच्याकडं." स्वतःच्या ताटात त्या भाकरीसोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि जेवणानंतर डब्यातली गोळी घ्यायच्या, कारण सिस्टर म्हणाली होती, तुमचं वाढायला पाहिजे आणि त्यांचं उतरायला.

"मुकादम आमाला एक कोयता म्हणायचा," त्या मला म्हणाल्या. "कोयता एक असंल. पोटं दोन हायती. दोनाचं माप एक कसं असंल?"

गंमत म्हणजे दोघांचं मिळून पीठ आधीपेक्षा कमी लागायला लागलं.

हे सगळं मांडलेलं एका दिवसात उधळायची वेळ आली ती माघात, लिंबाजींच्या पुतणीच्या लग्नात. आठ दिवसांनी रक्त तपासायचं होतं. ते बरोबर आलं तर अंबाजोगाईचे डॉक्टर तारीख देणार होते. मीही लग्नाला होते. मांडवात पुरुषांची पंगत बसली होती आणि बायका कडेला उभ्या होत्या, त्यांची पंगत नंतर. आमच्याकडे पंगतीत आग्रह झाला नाही तर लग्न झालं असं कुणी मानत नाही. लिंबाजींचा धाकटा भाऊ, नवरीचा बाप, स्वतः बुंदीची बादली घेऊन फिरत होता.

"वाढू दे दादा, एक घास."

"बास रे. किती वाढली?"

"एकच घास हाय, खा." आणि पत्रावळीवर ढीग.

"अजून एक घास, पोरीच्या नावानं."

दुसरा ढीग. लिंबाजी चाचपडत हात घालणार, एवढ्यात गयाबाई सरळ पुरुषांच्या पंगतीत शिरल्या. नवऱ्यामागं जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अवो, एक घास न्हाई. चार पळ्या हायती. सपाट न्हाई, शीग लावून."

कौसाबाई कडाडली, "लाज हाय का गं तुला? पुरुषांच्या पंगतीत! लोकांत भावाच्या तोंडचा घास मोजतीस?"

भाऊ म्हणाला, "वहिनी, शुभ कार्य हाय. एका दिवसानं काय होतंय?"

गयाबाईंनी हात घालून बुंदी उचलली नाही. जे होतं ते सांगितलं आणि उभ्या राहिल्या. आता लिंबाजींनी ठरवायचं होतं. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं आणि त्यांना त्यातलं कुणीच दिसत नव्हतं. मला वाटलं, झालं. हा माणूस आता ओरडणार, आणि चार महिन्यांची मेहनत ह्या पत्रावळीवर संपणार.

लिंबाजींनी पत्रावळ दोन्ही हातांनी पुढं सरकवली.

"उचल रे ही बुंदी. मला दिसत न्हाई, मला कुणावर तरी भरवसा ठेवावा लागतो. भाऊ मायेनं खोटं बोलतो. बायको मोजून बोलती."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हातारा खो खो हसला आणि मग सगळी पंगतच हसली. भावानं बुंदी काढून घेतली. गयाबाई आल्या तशा परत आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

आठ दिवसांनी सिस्टरनं रक्त घेतलं. साखर उतरली होती. डॉक्टर म्हणाले होते त्याच्याही खाली. सिस्टरनं गयाबाईंचंही रक्त तपासलं, ते वाढलं होतं. गयाबाई दोन्ही कागद घेऊन भर प्रार्थनेच्या वेळी शाळेत आल्या, मुलं हात जोडून उभी असताना मैदान ओलांडून माझ्यापर्यंत आल्या, आणि दोन्ही कागद माझ्या नाकासमोर धरले. "वाचा." मी वाचले. प्रार्थना चालू असताना मी हसले, हे मुख्याध्यापकांनी नंतर मला ऐकवलं.

होळीच्या आत अंबाजोगाईला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याची तारीख मिळाली.

त्याच सुमारास माझी बदली झाली, लिंबागणेशच्या बाजूला. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. लिंबाजींची पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. गयाबाईंनी मला न विचारता तिसरं ताट घेतलं आणि आज कप तीनदा भरायचा म्हणाल्या. डोळा उघडल्यानंतर नीट प्रकाशात बसून लिंबाजी घरी पहिल्यांदाच जेवत होते. दवाखान्यातून येऊन आठवडाभर त्यांनी पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीतच जेवण घेतलं होतं.

ताट समोर आलं. दाराकडं भाजी, चुलीकडं वरण. लिंबाजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एक भाकरी उचलली. तळहातावर ठेवली. ती तळहातात मावली.

गयाबाई थापायच्या थांबल्या. मीही घास खाली ठेवला.

"ही?" लिंबाजी म्हणाले. "ही भाकर?"

"चार हायती," गयाबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली होता.

"चार हायती ते मोजलंय मी." त्यांनी भाकरी उलटून पाहिली. "गये, फडात तू एका भाकरीला किती थापा मारायचीस ते माझ्या कानाला म्हाईत हाय. पहिल्याच दिशी निम्म्यात आवाज थांबला. मी काय बहिरा हाय व्हय?"

"मग बोलला कावून न्हाईत?"

"काय बोलायचं? चार म्हणलीस, चार दिल्यास. खोटं काय त्यात?"

आणि भाकरी मोडून त्यांनी खायला सुरुवात केली. दोन घास झाल्यावर मान वर केली आणि बायकोकडं बघितलं. नीट बघितलं. दोन-तीन वर्षांत दिसली नव्हती ती. गालावर आलेलं मांस बघितलं, दंडावर घट्ट बसलेली पोलक्याची बाही बघितली.

"जाड झालीस की गं तू."

गयाबाईंनी स्वतःच्या वाट्याचं पीठ कपात भरलं आणि तळहाताच्या कडेनं शीग पाडली.

"जाड न्हाई," त्या म्हणाल्या. "मापात आले."

आणि दोन्ही हातांनी पुढची भाकरी थापायला घेतली.